एक्केचाळीस दिवसांचा खंड

वकील म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काळा कोट येतो. माझा काळा कोट सांगलीच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत आहे आणि आता तो मला पोटावर बसणारही नाही. तेवीस वर्षं मी दुबईतल्या सरकारी खात्यांत कायद्याचा सल्लागार होतो. इथे त्याला 'मुस्तशार' म्हणतात. शब्द भारदस्त आहे, शिपाईसुद्धा तो उच्चारताना जरा ताठ उभा राहायचा. पण परदेशी वकिलाला इथल्या कोर्टात उभं राहता येत नाही, त्यामुळे माझा सगळा पराक्रम टेबलावरचा. फाइल यायची, तिच्यात एक प्रश्न असायचा, आणि नियमाचा अर्थ काय ते मी दोन पानांत लिहून द्यायचो. त्याला अभिप्राय म्हणायचं.

आता निवृत्त झालोय. बायको, वैजयंती, अजून शाळेत शिकवते, म्हणून शारजातलं अल मजाजचं घर सुटलेलं नाही. संध्याकाळी तलावाच्या कडेने फिरताना ओळखीचे लोक विचारतात, मोठमोठे करार पाहिले असतील ना तुम्ही? बंदरं, टॉवर? पाहिले, नाही असं नाही. पण माझं निम्मं आयुष्य रजेत गेलं, म्हणजे दुसऱ्यांच्या रजेच्या फायलींत. हे सांगितलं की त्यांचा रस संपतो.

रजा म्हणजे इकडे काय, हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागतं. इथे एकट्याने राहणारा माणूस अकरा महिने नोकरी करतो आणि एक महिना जगतो. लग्नं, बारशी, घराची कौलं, आईचं ऑपरेशन, भावाशी भांडण, सगळं त्या तीस दिवसांत कोंबायचं. त्यामुळे रजेतला एक दिवस कापला गेला की माणूस असा बघतो, जणू आपण त्याचं बोट कापलंय. मला त्या नजरेची सवय झाली होती.

एका फोरमनला 'ईदपर्यंत' रजा मंजूर झाली होती. तो एक दिवस उशिरा परतला. त्याचं म्हणणं, आमच्या गावात चंद्र एक दिवस उशिरा दिसला, म्हणून आमची ईद एक दिवस उशिरा, म्हणून माझी रजाही एक दिवस जास्त. मी गंभीरपणे दोन पानं लिहिली की रजा या देशाच्या चंद्रावर मोजायची. त्याचा एक दिवस गेला. नंतर लिफ्टपाशी भेटला तेव्हा म्हणाला, "साहब, चाँद तो एक ही है ना?" मी हा किस्सा पुढे कितीतरी पार्ट्यांत सांगून हशा मिळवला.

दुसरी फाइल एका हिशेबनीसाची होती. हजला जाण्यासाठी नोकरीत एकदाच खास रजा मिळते. त्याने ती आधीच्या खात्यात असताना घेतलेली होती आणि आमच्याकडे येऊन पुन्हा मागितली. मी लिहिलं की सरकारची सगळी खाती मिळून नोकरी एकच, त्यामुळे आधीची रजाही याच नोकरीत धरायची. नाही मिळाली त्याला. संचालक खूश झाले. हा अभिप्राय वाचकांनी लक्षात ठेवावा, मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

आमच्या विभागात सगळं अरबीतच चाले. मी इंग्रजीत लिहायचो, ते अरबीत जायचं, आणि सही व्हायची ती अरबीवर. मला अरबी मथळ्यापुरतीच वाचता येते. म्हणजे माझ्या नावावरचं एकही वाक्य खरं तर माझं नव्हतं, ते बशीरभाईंचं होतं.

बशीरभाई साखरकर आमचे भाषांतरकार. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. मदरशात अरबी शिकले, टायपिस्ट म्हणून इथे आले, कचेरीची अरबी शिकले, परीक्षा देऊन भाषांतरकार झाले. बारीक अंगाचे, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. मी लांबलचक वाक्य लिहिलं की ते म्हणायचे, "साहेब, या वाक्याला मध्ये कुठे तरी बसायला खुर्ची द्या." मी हसून पूर्णविराम द्यायचो. अभिप्राय लिहून झाला की तो मी स्वतः त्यांच्या खोलीत घेऊन जायचो आणि आम्ही दोघं सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, घ्यायचो. चौदा वर्षं हा नेम होता. तिथे मराठी बोलायला मिळायचं, हेही होतंच.

आमच्या नियमावलीत एक कलम होतं. वीस वर्षं अखंड सेवा झालेल्या माणसाला, पूर्ण नोकरीत एकदा, सहा महिन्यांची विशेष रजा. फार थोड्या लोकांना त्याची माहिती होती. एका बुधवारी मनुष्यबळ विभागाकडून या कलमावर फाइल आली. अशा फायलींवर नाव नसतं, फक्त कर्मचारी क्रमांक असतो, म्हणजे आम्ही कोणाची बाजू घेऊ नये. प्रश्न सोपा होता. हा कर्मचारी चोवीस वर्षं सरकारी नोकरीत आहे, पण मध्ये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात येताना खंड पडला आहे. सेवा अखंड धरायची का?

हा खंड कसा पडतो तेही सांगतो. पूर्वी खातं बदललं की जुना व्हिसा रद्द व्हायचा. मग माणसाने देशाबाहेर जायचं आणि नवा व्हिसा येईपर्यंत घरी बसून राहायचं. कधी महिना, कधी दोन. ते दिवस कोणाच्याच हिशेबात नसायचे. त्या काळात आलेल्या प्रत्येकाच्या पासपोर्टात असं एखादं भोक आहे. माझ्याही आहे.

मी चाळीस मिनिटांत लिहून टाकलं की अखंड म्हणजे अखंड. सत्तेचाळीस दिवस माणूस नोकरीत नव्हता, त्यामुळे सेवा नव्याने सुरू झाली, तेव्हापासून वीस वर्षं भरत नाहीत, रजेचा हक्क नाही. हिशेबनीसाच्या वेळी सगळी खाती मिळून नोकरी एक होती, इथे प्रत्येक खात्याची वेगळी झाली. दोन्ही वेळा नाही म्हणता आलं, एवढंच त्यांच्यात समान होतं.

लिहून झाल्यावर कागद नीट लावताना फायलीच्या तळाशी घडी घातलेलं एक पत्र सापडलं. मुंबईच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरचं. श्रीमती झुबेदा साखरकर, मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला इजा, दर महिन्याला इंजेक्शन आणि मधून मधून लेझर, किमान सहा महिने, सोबत जबाबदार व्यक्ती असणं आवश्यक, उपचार चुकल्यास दृष्टी जाण्याचा धोका.

मी ते पत्र दोनदा वाचलं. मुलगी लग्न होऊन कतारला, घरात दुसरं कोणी नाही, हे मला चहाच्या गप्पांतून माहीत होतं. भाभींची साखर वाढते हेही माहीत होतं. रजेचा अर्ज केलाय हे मात्र बशीरभाईंनी मला सांगितलं नव्हतं. फाइल माझ्याकडेच येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि मला अडचणीत टाकायचं नाही म्हणून ते गप्प राहिले होते.

अभिप्राय अजून माझ्या टेबलावर होता, त्यावर सही नव्हती. तो फाडून उलट लिहिता आला असता, आणि तेही कायद्याला धरून. व्हिसासाठी घरी बसणं ही माणसाची मर्जी नसते, सरकारची पद्धत असते, तेव्हा तो खंड सेवेतला धरू नये, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही असं नाही. पण कधी तरी संचालक चार लोकांत म्हणाले होते, "हा मुस्तशार स्वतःच्या लोकांनाही सोडत नाही." ते वाक्य मी पदकासारखं जपलं होतं. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, याची इथल्या आम्हा हुद्देदार भारतीयांना इतकी धास्ती असते, की आपल्या माणसाचं माप आम्ही मुद्दाम थोडं कमीच भरतो. वर त्याला सचोटी म्हणतो.

दुसरा भाषांतरकार, एक सीरियन गृहस्थ, त्या आठवड्यात सुट्टीवर होता. त्याची वाट पाहता आली असती, पण मला फाइल गुरुवारी निकालात काढायची होती. मी अभिप्राय बशीरभाईंकडे पाठवला. पाठवला, नेला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा शिपायाच्या हातून पाठवला आणि खोलीचं दार लावून बसलो. याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. चूक तर कोणाचीही होते, पण मी त्यांच्या बायकोचे डोळे जातील असा कागद त्यांच्याकडूनच सुवाच्य अरबीत करून घेतला, आणि समोर जाऊन द्यायची हिंमतही केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः आले. भाषांतर टेबलावर ठेवलं. म्हणाले, "साहेब, एक छोटी मिस्टेक होती. खंड सत्तेचाळीस दिवस लिहिलाय. एचआरवाल्यांनी चुकीचा टाकला असणार. पासपोर्टवर शिक्के आहेत, एक्केचाळीस होतात. करेक्ट केलंय. चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

"निकालात फरक नाही पडत. पण आकडा बरोबर असलेला बरा."

एवढंच बोलणं झालं. अरबी माझ्या इंग्रजीपेक्षा चांगली उतरली होती, असं संचालकांनी नंतर सांगितलं.

बशीरभाई हक्काच्या महिन्यावर गावी गेले. पहिलं इंजेक्शन आणि पहिलं लेझर त्यांनी स्वतः नेऊन करवून घेतलं. पुढची दोन इंजेक्शनं चुलत पुतण्याच्या सोबतीने झाली. मग पुतण्याला नोकरी लागली. मग पावसात घाट बंद. मग भाभीच म्हणाल्या की लोकांना किती त्रास द्यायचा. नोकरी सोडून ते जाऊ शकत नव्हते, उपचार त्या नोकरीवरच चालले होते. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण काही दिवसांनी आमचा चहा पुन्हा सुरू झाला होता. तोही त्यांनीच सुरू केला. माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "साहेब, सुलेमानी गार होतेय." एका दुपारी बोलता बोलता त्यांनी सांगितलं की डाव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. वर्षभराने उजव्याचंही तेच झालं. मी "अरेरे" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

अडीच वर्षांनी माझी वीस वर्षं भरली. म्हणजे मधले त्रेसष्ट दिवस वगळून भरली. मीही खातं बदललं होतं, मीही सांगलीला व्हिसाची वाट पाहत बसलो होतो. मला सहा महिन्यांची रजा हवी होती. गरज काय? काही नाही. घरी कोणी आजारी नव्हतं. मी थकलो होतो, पुण्याच्या नव्या फ्लॅटचं काम करून घ्यायचं होतं, आणि कलम होतं म्हणून घ्यावीशी वाटत होती. अबुधाबीत अल रीमला राहणारा आमचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, यू'व्ह अर्न्ड इट. जस्ट टेक इट." मलाही ते पटलं. अशी वाक्यं पटायला वेळ लागत नाही.

स्वतःच्या फायलीवर स्वतः अभिप्राय देता येत नाही. म्हणून ती उस्मानकडे गेली. हा सुदानी वकील, माझ्या हाताखालचा, नवीन आलेला, भला माणूस. त्याला मी 'मदत म्हणून' एका कागदावर मुद्दे लिहून दिले. व्हिसासाठी घरी बसणं ही माणसाची मर्जी नसते, सरकारची पद्धत असते. अडीच वर्षांपूर्वी मनात दाबून टाकलेलं ते वाक्य जसंच्या तसं बाहेर आलं. उस्मानने तेच वापरलं आणि भाषांतराला दिलं.

त्या दुपारी बशीरभाई माझ्या खोलीत आले. दार हळूच लावून घेतलं, तसं ते कधी करत नसत. आमच्या विभागाची एक रीत होती. प्रत्येक अभिप्रायाच्या शेवटी त्याच कलमावरचे आधीचे अभिप्राय नोंदवायचे. ते अरबी रजिस्टर बशीरभाईंच्या ताब्यात असे, त्यामुळे ती यादी तेच घालायचे.

"साहेब, उस्मानसाहेबांनी खाली जागा रिकामी ठेवलीय. त्यांना माहीत नाही. जुना अभिप्राय टाकू की नको?"

कुठला जुना, हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

टाकला असता तर दोनपैकी एक झालं असतं. एक तर माझी रजा गेली असती, नाही तर जुना अभिप्राय चुकीचा होता असं मला लेखी म्हणावं लागलं असतं आणि बशीरभाईंचा अर्ज पुन्हा उघडला असता. भाभींचे डोळे परत आले नसते, पण सहा महिने तरी नवरा घरी राहिला असता. अंधारात घर नव्याने शिकायला हाताला धरणारं कोणी असतं. हे सगळं मला त्या एका क्षणात स्वच्छ दिसलं. वकिलाला एवढं चटकन दिसतंच.

"नको," मी म्हणालो. "तो मुद्दा वेगळा होता."

बशीरभाईंनी मान हलवली. "ठीक आहे साहेब." दार उघडून गेले. यादीच्या जागी 'नाही' असा एक शब्द त्यांच्या सुंदर अक्षरात आला आणि माझी सहा महिन्यांची रजा मंजूर झाली. मंजुरीचा आदेशही त्यांनीच अरबीत केला.

रजेवर निघायच्या आदल्या दिवशी ते एक पिशवी घेऊन आले. इकडे कोणी गावी निघालं की त्याच्याकडे पिशव्या येतातच, त्याला नाही म्हणायची पद्धत नाही. "सांगलीहून आमचं गाव काही लांब नाही. जमलं तरच हं, साहेब. नाही तर कुरिअर करा." आत खजुराचा डबा होता आणि मनगटी घड्याळ. बटण दाबलं की वेळ बोलून सांगणारं. कुरिअर करायचं मी मनात पक्कं केलं होतं. वैजयंतीने पिशवी पाहिली आणि म्हणाली, "सोळा वर्षं त्यांचा चहा प्यायलास. स्वतः जाऊन दे." बाकीचं तिला माहीत नव्हतं.

आंबा घाट उतरून गेलो. शाळेच्या दिवसांमुळे वैजयंती शारजाला होती, मी एकटाच. घर लहान, स्वच्छ. ओट्यापासून न्हाणीपर्यंत भिंतीला नायलॉनची दोरी बांधलेली. भाभी तिला धरून दारापर्यंत आल्या, माझ्या आवाजाच्या दिशेने चेहरा करून म्हणाल्या, "या, साहेब. तुमचा आवाज फोनमध्ये मागून यायचा. ओळखला मी."

घड्याळ हातात बांधून दिलं. त्यांनी बटण दाबलं, आतून एका बाईने इंग्रजीत चार वाजून दहा मिनिटं झाल्याचं सांगितलं. भाभी हसल्या. "एवढं इंग्रजी येतं मला." मग पुन्हा एकदा दाबलं.

चहा शेजारच्या मुलीने केला. भाभी म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या सुट्टीसाठी किती खटपट केलीत, ते सांगत होते. म्हणाले, साहेबांनी जीव तोडला, पण रूलमध्ये बसेना. रूलपुढे कोण काय करणार? तुम्ही एवढं केलंत हेच पुष्कळ."

माझ्या हातात बशी होती. ती खाली ठेवली. आतून कोणी तरी ओरडत होतं की सांग, आत्ता सांग. मी सांगितलं नाही.

"आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "दर वर्षी एक महिना. एकदाच ते एक्केचाळीस दिवस राहिले होते. व्हिसा येत नव्हता म्हणून. रोज पोस्टमनची वाट बघायचे, आणि मी मनात म्हणायची, अल्ला, आजच्या दिवस व्हिसा नको येऊ दे." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला किती दिवसांची सुट्टी आहे?"

त्यांना दिसत नव्हतं तरी मी दुसरीकडे पाहिलं.

"एक महिना," मी म्हणालो.

"एका महिन्यात काय होतं, साहेब," त्या कळवळून म्हणाल्या आणि जाताना त्यांनी मला फणसाच्या साठांचं पुडकं दिलं.

त्या भेटीनंतर पाच महिन्यांनी कामावर परतलो. पहिल्याच दिवशी स्वतः उठून बशीरभाईंच्या खोलीत गेलो. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. मी म्हणालो, "बशीरभाई, तुमची ती जुनी फाइल मी पुन्हा उघडतो. आज लिहून देतो."

"आता कशाला, साहेब? चार महिन्यांत कायमचाच जातोय. खलास." त्यांनी किटलीतून चहा ओतला. माझा कप नेहमीच्या जागी ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही घरी गेलात त्याच दिवशी झुबेदाचा फोन आला होता. म्हणाली, साहेबांनाही एकच महिना मिळाला बिचाऱ्यांना. मी म्हटलं, हो."

चहा पिऊन झाला. मी माफी मागितली नाही, नीट जमणार नाही असं वाटलं, आणि मग ते गावी गेले.

हे ज्यात छापून येतंय तो दिवाळी अंक त्यांच्या गावात जातो की नाही मला माहीत नाही. पण बशीरभाई भाभींना संध्याकाळी वाचून दाखवतात, असं त्यांनी फोनवर सांगितलं आहे, म्हणून अंकाची एक प्रत मी त्यांच्या पत्त्यावर पाठवणार आहे. बशीरभाई, इथपर्यंत आलात तर पुढचं वगळू नका, जसं आहे तसं वाचा. झुबेदाभाभी, मी खटपट केली नव्हती. तुमच्या यजमानांची सुट्टी मीच नाकारली. आणि त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलेला आकडा चुकीचा होता. सहा महिने होते.